फॉरमॅट मारण्याआधी डिस्कची तब्येत बघा: क्रिस्टलडिस्कइन्फो

घरचा कॉम्प्युटर हळू झाला, मधेच अडकायला लागला, की दुरुस्तीच्या दुकानात हमखास एकच उपाय सुचवला जातो: फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकू. कधी त्याने खरंच बरं वाटतं. पण दोष डिस्कमध्ये असेल तर नवीन विंडोज त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर जाऊन बसतं, थोडे दिवस चालतं आणि दुखणं परत येतं. दरम्यान फोटो आणि कागदपत्रं वाचवायची संधी गेलेली असते. म्हणून फॉरमॅटला होकार देण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा जपानी, फुकट प्रोग्रॅम चालवून बघायला हवा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रत्येक हार्डडिस्क आणि एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवरची डिस्क) स्वतःच्या चुकांची नोंद आतल्या आत ठेवत असते. या नोंदवहीला ‘स्मार्ट’ म्हणतात. विंडोज ती वही आपल्यासमोर नीट उघडतच नाही. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये डिस्कची तब्येत दिसते, पण तीही एनव्हीएमई या नव्या, वेगवान प्रकारच्या एसएसडीची. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवाल्यांना, म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांना, तिथे काही मिळत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो ती सगळी वही एका खिडकीत मांडतो.

घ्यायची ती स्टँडर्ड आवृत्ती. बाकीच्या आवृत्त्यांमध्ये ॲनिमेची चित्रं आहेत, काम तेच. इन्स्टॉलरऐवजी झिप फाइल उतरवा. डाउनलोडच्या पानावर जाहिरातींचीही बटणं असतात, तेव्हा दाबण्याआधी नीट वाचा. झिपमधूनच थेट चालवू नका. आधी सगळं एका फोल्डरमध्ये काढा आणि मग ‘डिस्कइन्फो६४’ उघडा. विंडोज परवानगी विचारेल, ती द्यावीच लागते, कारण डिस्कची नोंदवही वाचायला ॲडमिनचे हक्क लागतात.

वर डाव्या बाजूला रंगीत चौकट दिसते. निळी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे सावधान, लाल म्हणजे वाईट, राखाडी म्हणजे कळत नाही. बहुतेक लोक तेवढं बघून खिडकी बंद करतात. खरी माहिती खालच्या तक्त्यात आहे.

तक्ता वाचण्याआधी एक बदल कराच. शेवटच्या रकान्यातले कच्चे आकडे सुरुवातीला सोळाच्या पटीतल्या पद्धतीने लिहिलेले असतात. तिथे शेवटी १८ दिसलं तर ते अठरा नसतात, चोवीस असतात. ‘फंक्शन’ मेनूत ‘ॲडव्हान्स्ड फीचर’, त्यात ‘रॉ व्हॅल्यूज’, आणि तिथे दशमान पर्याय निवडा. हे नेहमीचं सेटिंग इतकं आत का दडवलंय, ते कळत नाही. घरगुती वापरासाठी दशमानच आधी दिसायला हवं होतं, आणि या प्रोग्रॅमबद्दलची ही मोठी तक्रार आहे.

आता फिरत्या हार्डडिस्कच्या चार ओळी. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झालेले आणि राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता न आलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. या तिन्हींचे कच्चे आकडे शून्य असावेत. ०५ मध्ये पाच-दहाचा आकडा महिनोन्‌महिने स्थिर असेल तर डिस्क अजून काही काळ चालू शकते. पण सी५ चढत असेल तर कॉम्प्युटर का अडकतो त्याचं उत्तर तिथेच आहे. डिस्क तोच सेक्टर पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर विंडोज ताटकळतं. टास्क मॅनेजरमध्ये याची खूण पटते: डिस्क १०० टक्के व्यग्र, पण प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला एखाददोन एमबी, आणि प्रतिसादाचा वेळ शेकडो किंवा हजारो मिलिसेकंद.

चौथी ओळ सी७, आणि तिच्यामुळे डिस्कचा खर्च वाचू शकतो. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये डेटा जाताना झालेल्या चुका इथे मोजल्या जातात, आणि दोष बहुधा साटा केबलचा असतो. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा. जमलं तर नवीनच लावा, ती स्वस्त मिळते. सी७ चा आकडा नंतरही कमी होत नाही, त्यामुळे घाबरू नका. तो वाढायचा थांबला का, एवढंच बघायचं.

याउलट सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत कोटींच्या घरातले आकडे दिसतात. ते चुकांचे नसतात. एकूण किती वेळा वाचलं, हलवलं हेही त्याच आकड्यात मिसळलेलं असतं. ते बघून चांगली डिस्क फेकू नका.

एनव्हीएमई एसएसडी असेल तर वरचे क्रमांक विसरा. तिथे ०५ चा अर्थच वेगळा, आयुष्य किती टक्के वापरलं गेलं तो. ०३ मध्ये राखीव जागा किती उरली ते दिसतं, ती ०४ मधल्या मर्यादेच्या बरीच वर हवी. ०ई मध्ये डेटाच्या अखंडतेच्या चुका, त्या शून्य हव्यात. ०डी म्हणजे नीट बंद न होता किती वेळा वीज तुटली. जिथे दिवे सारखे जातात आणि डेस्कटॉपला यूपीएस नाही, तिथे हा आकडा झपाट्याने चढतो. बिघडलेल्या विंडोज फाइलींचं मूळ बऱ्याचदा तिथेच सापडतं.

पिवळी चौकट दिसली आणि सी५ शून्य नाही, तर पहिलं काम बॅकअपचं. चेकडिस्क या विंडोजच्याच डिस्क तपासणाऱ्या साधनाची सखोल तपासणी आधी मुळीच लावू नका. ती डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचते, मोठ्या डिस्कवर तासन्‌तास चालते, आणि थकलेली डिस्क त्या श्रमातच बसू शकते. आधी फोटो, मग डॉक्युमेंट्स, मग डेस्कटॉप आणि डाउनलोड्स, असं थोडंथोडं बाहेरच्या डिस्कवर घ्या. एखाद्या फाइलवर कॉपी अडली तर ती सोडून पुढे जा. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा आणि डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे द्या.

चौकट निळी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ही या प्रोग्रॅमची नव्हे तर ‘स्मार्ट’चीच मर्यादा. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. पण वाचनातली पहिली चूक नोंदली गेल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. लाल-पिवळ्यावर विश्वास ठेवा, निळ्यावर बॅकअप सोडू नका.

आणखी काही उणिवा. यूएसबीच्या काही डब्यांतली डिस्क यात दिसतच नाही, कारण डब्यातली चिप नोंदवही पुढे पाठवत नाही; पेनड्राइव्ह तर जवळपास कधीच दिसत नाहीत. मॅकवर चालत नाही. आणि हा फक्त वाचतो, दुरुस्त काही करत नाही.

जुनी डिस्क किंवा सेकंडहँड लॅपटॉप घेतानाही हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर सोबत असू द्या. डिस्क किती तास चालली हे वर उजवीकडेच दिसतं; नवी म्हणून विकलेल्या डिस्कवर हजारो तास निघाले तर व्यवहार तिथेच थांबवा. हे तास पुसताही येतात, म्हणून कमी आकडा हा पुरावा धरू नका.

डिस्क वॉरंटीत असेल तर ‘एडिट’ मेनूतून सगळा अहवाल कॉपी करा, नोटपॅडमध्ये जपा आणि प्रत दुकानदाराला द्या. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा नाही. तेव्हा डिस्क हातातून देण्याआधी बॅकअप उघडून दोन-चार फोटो दिसतात का ते बघा.