भयपट तयार आहे, पहिला खेळ कुठे करायचा?

कोकणातल्या एखाद्या बंद घरात, दहा-बारा माणसांच्या युनिटने, पदरचे पैसे घालून भयपट केला आहे. संकलन झालंय, साऊंड मिक्स शेवटच्या टप्प्यात आहे. आता फिल्मफ्रीवेवर, म्हणजे महोत्सवांना सिनेमा पाठवायच्या संकेतस्थळावर, खातं उघडलं की शेकडो महोत्सव समोर येतात, प्रत्येकाची फी डॉलरमध्ये असते आणि प्रत्येकाच्या पानावर 'जगभरातून निवड' असं लिहिलेलं असतं. या टप्प्यावर अडकलेल्या मित्रांसाठी हे लिहितोय. मी ध्वनीचं काम करतो. तीन लहान बजेटच्या भयपटांबरोबर या प्रवासात शेवटपर्यंत होतो.

माझं मत आधीच सांगतो. सिनेमा पूर्ण असेल तर पहिला प्रयत्न कॅनडात माँट्रियलच्या फँटेझिया महोत्सवासाठी करा. हातात फक्त संहिता असेल तर दक्षिण कोरियातल्या बुचॉनच्या महोत्सवाकडे बघा. स्पेनमधलं सिट्जेस ही दुसरी पायरी समजा आणि लंडनचं फ्राइटफेस्ट ठरावीक जातीच्या सिनेमासाठी ठेवा.

कारणं सांगण्याआधी एक गोष्ट, कारण ती एकदा हातची गेली की परत येत नाही. वर्ल्ड प्रीमियर, म्हणजे सिनेमाचा जगातला पहिला जाहीर खेळ, एकदाच होतो. आमच्या पहिल्या सिनेमाच्या वेळी एका ऑनलाइन महोत्सवाची मेल आली, निवड झाली म्हणून. पोस्टरवर लावायला निवडीची खूण, ती दोन पानांची डहाळी, मिळाली, प्रमाणपत्र मिळालं, सगळे खूश. तो सिनेमा तिथे किती लोकांनी पाहिला हे आम्हाला कधीच कळलं नाही. पुढे एका मोठ्या महोत्सवाच्या निवड समितीने पहिलाच प्रश्न विचारला, 'आधी कुठे दाखवलाय का?' खोटं सांगता येत नाही, कारण नेटवर सगळं सापडतं. चार महिन्यांची मेहनत त्या एका उत्तरापाशी थांबली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की सुरुवातीला पाचच ठिकाणी पाठवा, पण क्रम ठरवून पाठवा.

या नियमाला अपवाद आहेत. जपानचा 'वन कट ऑफ द डेड' सुमारे 30 लाख येनमध्ये झाला आणि नोव्हेंबर 2017 मध्ये टोकियोच्या एका छोट्या चित्रपटगृहात सहा दिवस दाखवला गेला. नंतर 2018 मध्ये आधी होक्काइदोतल्या युबारीच्या महोत्सवात आणि मग इटलीत उदिनेच्या महोत्सवात तो प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. जपानमध्ये त्याने 300 कोटी येनच्या वर गल्ला केला. म्हणजे घरच्या गावी आधी दाखवल्याने सगळं संपतंच असं नाही. पण असा सिनेमा दहा वर्षांत एखादा येतो. आपल्या सिनेमाचा हिशेब त्याच्यावर मांडू नये.

माँट्रियल आणि सिट्जेस

लोक या दोन नावांत जास्त अडकतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

सिट्जेस जुनं. 1968 पासून चालू आहे. बार्सिलोनाहून लोकलने पाऊण तासाच्या आत पोहोचता येणारं समुद्रकाठचं गाव, ऑक्टोबर महिना, सकाळपासून पहाटेपर्यंत खेळ. हॉटेल मेलियाच्या भल्यामोठ्या प्रेक्षागृहात मुख्य स्पर्धेतले सिनेमे लागतात. या प्रकारच्या सिनेमात सिट्जेसच्या नावाचं वजन सर्वांत जास्त आहे, यात वाद नाही. राही अनिल बर्वेचा 'तुंबाड' 2018 मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचा उद्घाटनाचा सिनेमा होता आणि नंतर टेक्सासमधलं फँटास्टिक फेस्ट, सिट्जेस असा फिरला. तो काही लहान बजेटचा नव्हता, पण महाराष्ट्रातल्या मातीतली, पावसाने भिजलेली भीती तिकडे पोहोचते हे त्याने दाखवून दिलं.

अडचण वेगळीच आहे. सिट्जेसला दरवर्षी लघुपट धरून शेकडो सिनेमे असतात. मोठ्या स्टुडिओंचे येतात, कान आणि टोरंटोच्या महोत्सवांत गाजून आलेले येतात. तुमचा सिनेमा मुख्य स्पर्धेत असेल तर गोष्ट निराळी. तो एखाद्या उपविभागात गेला तर रात्री एकच्या खेळाला हजर राहायची तयारी ठेवा आणि त्याच वेळी दुसऱ्या पडद्यावर काय लागलंय तेही बघून ठेवा. ब्रिगाडून नावाचा तिथला विभाग प्रेक्षकांना विनाशुल्क असतो, लघुपट आणि माहितीपट तिथे बरेच दिसतात. लघुपटवाल्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

फँटेझिया 1996 मध्ये सुरू झालं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, जवळजवळ तीन आठवडे चालतं. मुख्य खेळ कॉन्कॉर्डिया विद्यापीठाच्या दोन सभागृहांत होतात, एक मोठं, एक छोटं. दिवे मालवले की प्रेक्षक मांजरासारखे म्याव म्याव करतात. ही तिथली जुनी रीत आहे आणि पहिल्यांदा येणारा दिग्दर्शक गोंधळतो. पण सिनेमा सुरू झाला की तेच लोक इतके शांत होतात की मागच्या रांगेतला श्वास ऐकू यावा. मी ध्वनीवाला आहे, मला याचं मोल फार वाटतं. लहान बजेटच्या भयपटात राक्षस दाखवायला पैसे नसतात. दाराची कडी, विहिरीतला रहाट, वरच्या माळ्यावरचं पाऊल, एवढंच भांडवल असतं. ते ऐकून घेणारा प्रेक्षक मिळाला नाही तर सिनेमा दिसतच नाही.

आणखी एक कारण आहे. नाव नसलेल्या, पैसा नसलेल्या सिनेमाला फँटेझिया खरोखर जागा देतं. 'स्किनामारिंक' हा सुमारे 15 हजार डॉलरचा सिनेमा. दिग्दर्शकाने एडमंटनमध्ये स्वतःच्या लहानपणच्या घरात चित्रित केलेला, त्यात भिंती, दारं आणि अंधारच जास्त. त्याचा पहिला खेळ 2022 मध्ये फँटेझियाला झाला. पुढे एका महोत्सवाच्या ऑनलाइन प्रदर्शनातून त्याची प्रत फुटली, तुकडे टिकटॉकवर फिरले, आणि जानेवारी 2023 मध्ये तो अमेरिकेत चित्रपटगृहांत लागला तेव्हा त्याने 20 लाख डॉलरच्या आसपास कमाई केली. लोक हे उदाहरण 'फुटला म्हणून चालला' असं सांगतात. मला ते पटत नाही. प्रत फुटली तेव्हा वितरकाशी त्यांचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून निभावलं. वितरक नसताना फुटलेला सिनेमा फुकट पाहिला जातो आणि विसरला जातो. त्यामुळे ऑनलाइन प्रदर्शनाला होकार देताना ते कोणत्या देशापुरतं मर्यादित आहे, किती प्रेक्षकांपुरतं आहे आणि प्रतीवर वॉटरमार्क (ओळखीची खूण) आहे का, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा.

फँटेझियाबरोबर फ्रॉन्टियेर नावाचा सहनिर्मितीचा बाजार भरतो. नाव मोठं आहे, पण त्याचा रोख मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या भागीदारीवर असतो. तिकडचा निर्माता आधीच बरोबर नसेल तर त्याच्या भरवशावर अर्ज करू नका.

बुचॉन: अजून सिनेमा झालेला नसेल तर

सेऊल आणि इंचॉन यांच्या मधलं हे शहर. महोत्सव 1997 पासून, जुलैच्या सुरुवातीला. आपल्याकडे याची चर्चा फार कमी होते, याचं मला वाईट वाटतं, कारण आशियातल्या माणसाला सर्वांत उपयोगी गोष्ट इथे आहे. 2008 पासून इथे नाफ नावाचा उपक्रम चालतो. त्यात संहितेच्या पातळीवरचे भयपट, विज्ञानपट निवडून त्यांच्या दिग्दर्शक-निर्मात्यांना गुंतवणूकदारांसमोर बसवतात. नवोदितांसाठी त्यांची शाळाही आहे.

इथे तुमची गोष्ट समजावून सांगायला कमी कष्ट पडतात. घरात मेलेल्या माणसाचं काही राहून गेलंय, त्याचा नैवेद्य चुकला, जमिनीच्या वादात कुणाचा तरी तळतळाट लागला, हे कोरिया, थायलंड, इंडोनेशियाच्या माणसाला पटकन कळतं. 'लपाछपी' आठवा. उसाच्या फडातलं घर, गर्भवती बाई आणि तिच्याभोवतीची माणसं. त्याच दिग्दर्शकाने त्याचा हिंदी अवतार 2021 मध्ये केला. ती भीती मुळात घरातली होती. अशा गोष्टीला आशियातला निर्माता मिळण्याची शक्यता मला जास्त वाटते.

पूर्ण झालेला सिनेमा विकण्यासाठी मात्र मी बुचॉनला पहिलं स्थान देणार नाही. इंग्रजीत लिहिणारे समीक्षक माँट्रियलला जास्त संख्येने असतात, आणि वितरकाला मेल करताना त्यांच्या परीक्षणांचे दुवेच कामाला येतात.

लंडन, टेक्सास, लॉस एंजेलिस

फ्राइटफेस्ट 2000 पासून, ऑगस्टच्या शेवटच्या लांब सुट्टीत, लेस्टर स्क्वेअर भागात पाच दिवस. प्रेक्षक वर्षानुवर्षं तेच, पाचही दिवसांचे पास काढणारे. रक्ताचा, मुखवट्याच्या खुन्याचा, अंगावर येणारा सिनेमा असेल तर याहून चांगली जागा नाही. अडीच लाख डॉलरचा 'टेरिफायर 2' ऑगस्ट 2022 मध्ये तिथून निघाला आणि पुढे एक कोटी डॉलरच्या वर गेला. पण फर्स्ट ब्लड हा नवोदितांचा तिथला विभाग ब्रिटिश आणि आयरिश सिनेमांसाठी आहे, आपल्याला त्याचा उपयोग नाही. संथ, धुक्यातला, कमी बोलणारा सिनेमा असेल तर मी लंडनला पहिला नेणार नाही.

ऑस्टिनचं फँटास्टिक फेस्ट 2005 पासून सप्टेंबरात भरतं. निवड काटेकोर, वातावरण आपुलकीचं. लॉस एंजेलिसच्या स्क्रीमफेस्टमध्ये 2007 साली 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' दाखवला गेला होता. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात, सुमारे 15 हजार डॉलरमध्ये झालेला तो सिनेमा 2009 मध्ये चित्रपटगृहांत आला आणि 19 कोटी डॉलरच्या वर गेला. सगळे शेवटचा आकडा सांगतात. मधली दोन वर्षं दिग्दर्शकाने कशी काढली असतील, त्याचा विचार कर्ज काढून सिनेमा करणाऱ्याने करावा. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख वेळेत मिळणं हाही मोठा प्रश्न आहे. कॅनडाच्या व्हिसालाही वेळ लागतो, म्हणून निवडीचं पत्र येताच त्याच दिवशी अर्ज करा. सिट्जेसला शेंगेन व्हिसा लागतो, लंडनला वेगळा.

घरची बाजू

मुंबईत सपना भवनानींनी सुरू केलेला वेंच महोत्सव आहे, भय, विज्ञान आणि अद्भुत या प्रकारांसाठी, स्त्रिया आणि क्विअर कलावंतांच्या कामावर भर देणारा. या वर्गात तुमचं काम बसत असेल तर तिथे जरूर पाठवा, विशेषतः लघुपट. जानेवारीत पुण्याचा महोत्सव असतो, नोव्हेंबरात पणजीला इफ्फी हा आंतरराष्ट्रीय महोत्सव आणि त्याच्याबरोबर फिल्म बाजार. बाजारात सिनेमा खरेदीदारांना दाखवल्याने वर्ल्ड प्रीमियर जात नाही, तो जाहीर खेळ धरत नाहीत. हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो आणि ते उगाच मागे राहतात.

आपलं ऋतुचक्र या कॅलेंडरशी बरं जुळतं. आषाढ-श्रावणात चित्रीकरण, दिवाळीपर्यंत संकलनाचा पहिला कच्चा आराखडा, संक्रांतीपर्यंत संकलन बंद, होळीपर्यंत ध्वनी. एवढं झालं तर बुचॉन आणि फँटेझिया दोन्ही गाठता येतात. ध्वनी मे-जूनपर्यंत लांबला तर सिट्जेस उरतं. घाईने कच्चा मिक्स पाठवू नका. 'ध्वनी अजून बाकी आहे' असं लिहून पाठवलेला भयपट निवड समितीला अर्धाच ऐकू येतो.

पैशांचं बघायचं तर एन्ट्री फीपेक्षा इतर खर्च मोठे असतात: डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत), सबटायटल, दोन माणसांचं विमान, राहणं. निमंत्रण आलं की किती रात्री राहण्याची सोय आहे आणि किती जणांची, हे न लाजता विचारावं. ते लोकही तसंच अपेक्षित धरतात.

सबटायटलवर मात्र खर्च वाचवू नका. मुंजा, गिऱ्हा, देवचार, हडळ या सगळ्यांसाठी एकच 'भूत' लिहिलेली प्रत मी पाहिली आहे. सोडमुंज होण्याआधी गेलेला, पिंपळावर अडकलेला मुलगा आणि पाण्यात ओढणारा गिऱ्हा यांच्यातला फरक पुसला की तुमच्या सिनेमात आणि इतर पन्नास सिनेमांत फरक उरत नाही. शब्द मराठीच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे आजीच्या तोंडी एक जास्तीचं वाक्य घाला. आम्ही दुसऱ्या सिनेमात तसं केलं, त्यासाठी एक डबिंग सेशन वाढवलं आणि खेळानंतरच्या प्रश्नोत्तरांत लोक 'गिऱ्हा' हा शब्द वापरून प्रश्न विचारत होते.

बुचॉन आणि फँटेझिया दोघांचाही होकार एकाच आठवड्यात आला तर दोघांना एकमेकांबद्दल लगेच, खरं खरं लिहा. बुचॉन साधारण आधी येतं, म्हणून वर्ल्ड प्रीमियर तिथे आणि उत्तर अमेरिकेतला पहिला खेळ माँट्रियलला, अशी मांडणी करता येते. माँट्रियलने वर्ल्ड प्रीमियरचाच आग्रह धरला तर मी बुचॉनला विनंती करून एक वर्ष थांबेन आणि तिकडे पुढच्या सिनेमाची संहिता पाठवेन.