अभ्यासदौऱ्यासाठी जपान की जर्मनी?

शिस्त, स्वच्छता, युद्धानंतरची उभारी, हे सगळं दोन्हीकडे आहे आणि तुम्हाला ते ठाऊकही आहे. प्रश्न एवढाच, की शाळा आणि समाज समजून घ्यायला जायचं आहे आणि खर्च एकाच दौऱ्याचा झेपणार आहे, तर कुठे जावं? शिक्षकांच्या गटाबरोबर मी दोन्हीकडे जाऊन आलो आहे.

पहिल्या भेटीत मन जिंकतो तो जपान. प्राथमिक शाळेतली मुलं दुपारचं जेवण स्वतः वाढतात, मग फडकी घेऊन वर्ग आणि व्हरांडे पुसतात. सहा-सात वर्षांची पोरं दप्तर घेऊन मोठ्यांशिवाय शाळेत जातात. मेट्रोत 1995 मध्ये सारिन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी टोकियोतल्या बऱ्याच सार्वजनिक कचराकुंड्या काढल्या गेल्या, तरी रस्ते लख्ख. लोक कचरा पिशवीत घालून घरी नेतात. शिकोकू बेटावरच्या कामिकात्सू गावात तर कचरागाडीच येत नाही. गावकरी कचरा केंद्रावर नेतात आणि 45 च्या आसपास प्रकारांत वेगळा करतात. मुलांच्या सवयी कशा घडतात, एवढंच पाहायचं असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, जपानला जा.

जर्मनीत असं भारावून जायला होत नाही. रविवारी दुकानं बंद, आणि रेल्वेत सहा मिनिटांच्या आतला उशीर हिशेबातच धरत नाहीत.

तरी माझं पारडं जर्मनीकडे झुकलं, ते एका गोष्टीमुळे. जपानमध्ये आमच्या प्रश्नांना उत्तरंच मिळेनात. वर्षात 30 किंवा त्याहून जास्त दिवस शाळेत न येणाऱ्या मुलांची नोंद तिथलं सरकार ठेवतं आणि आकडे जाहीर करतं, म्हणजे विषय काही झाकलेला नाही. एका शाळेत आम्ही विचारलं, या मुलांचं तुम्ही काय करता? दुभाषी बाईंनी प्रश्न दोनदा नीट समजावून सांगितला. यजमानांनी मान लववली, हसून आभार मानले आणि माहितीपत्रकाचं पुढचं पान उघडलं. पुढच्या शाळेतही तेच. आदरातिथ्यात कणभर उणं नव्हतं, त्यामुळे आग्रहाने विचारायचीही चोरी. शिकायला आलेल्या माणसाला याचा फार त्रास होतो. जे नीट चाललेलं नाही ते कळलं नाही, तर जे नीट चाललंय त्याची किंमतही कळत नाही.

जर्मनीत उलट. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात, काही विद्यापीठाकडे नेणाऱ्या, काही व्यवसायाकडे. व्यवसायशिक्षणाच्या एका शाळेतल्या शिक्षकाने, आम्ही विचारण्याआधीच, हे अन्यायाचं आहे असं सांगितलं. शेजारच्या सहकाऱ्याने तिथेच त्याला खोडून काढलं, आणि कारखान्यात काम शिकून आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेत येणारे शिकाऊ उमेदवारही वादात उतरले. 2001 मध्ये पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले, तेव्हा घरच्या परिस्थितीचा मुलांच्या गुणांवर केवढा परिणाम होतो ते उघड झालं होतं. त्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही, हे आमच्या डोळ्यांसमोर दिसलं. त्या तासाभरात मला जेवढं समजलं, तेवढं जपानमधल्या सगळ्या शाळांत मिळून समजलं नसेल.

रस्त्यावरही तोच अनुभव. तिथे रिकाम्या बाटल्या काचेच्या रंगानुसार वेगवेगळ्या पेट्यांत टाकतात. आमच्यातल्या एकाने हिरवी बाटली बिनरंगी काचेसाठीच्या पेटीत टाकली, तर एका आजीबाईंनी त्याला थांबवून रागावून समजावलं. काहींना ते लागलं. मला आवडलं. जपानमध्ये आमचं काय काय चुकलं असेल, कोण जाणे. कुणी बोललंच नाही.

अर्थात हा एका गटाचा अनुभव. जपानी बोलता येत असेल, किंवा एकाच शाळेत महिनाभर राहता येणार असेल, तर तिथेही माणसं मोकळी होत असतील. पण दुभाष्याच्या आधाराने, ठरलेल्या भेटींचा छोटा दौरा असेल, तर मी जर्मनी सुचवेन. तेही रविवारी काही ठरवू नका, आणि प्रत्येक भेटीत माहितीच्या भाषणापेक्षा प्रश्नोत्तरांना जास्त वेळ आधीच मागून घ्या.