इंदुरात जपानी मेपल : ऑनलाइन मागवलेल्या कलमाचे दोन उन्हाळे

आधी बियांचं सांगते, कारण खरी फसवणूक तिथे आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'लाल-निळं जपानी मेपल, २० बिया' असं पाकीट मी घेतलं होतं. निळ्या पानांचं जपानी मेपल नसतंच, फोटो रंगवलेला असतो. आणि खऱ्या बियांनाही तीन-चार महिने ओल्या थंडाव्यात, म्हणजे आपल्याकडे फ्रिजमध्येच, ठेवावं लागतं. पाकिटावर मात्र 'कुंडीत पेरा, पाणी घाला' एवढंच. एकही बी उगवली नाही. घ्यायचं तर कलमच घ्या.

माझं कलम पहाडातल्या एका नर्सरीकडून जानेवारीत आलं. जात 'ब्लडगुड', म्हणजे लाल पानांची, किंमत १,४५० रुपये. पॅकिंग उत्तम, मुळांचा गोळा ओल्या मॉसमध्ये बांधलेला. पान एकही नव्हतं आणि ते योग्यच, कारण पानगळीतलं झाड प्रवास सोसतं. सासूबाई मात्र हिरमुसल्या. "अगं, दीड हजाराची वाळकी काडी?" मी नखाने साल जराशी खरवडून दाखवली, खाली ओला हिरवा रंग. मग रोज सकाळी चष्मा लावून त्याच कुंडीपाशी जायला लागल्या. फेब्रुवारीत डोळे फुटले. जपानीत मेपलला 'काएदे' म्हणतात, मूळ अर्थ बेडकाचा हात. पहिलं पान अगदी तसंच निघालं, सुरकुतलेलं, पाचही बोटं खाली लोंबणारी.

तक्रार आहे ती सोबत आलेल्या माहितीपत्रकाची. त्यात 'भरपूर ऊन द्या' लिहिलंय. थंड प्रदेशात चालत असेल, माळव्यात नाही. एप्रिलअखेर लू सुटली आणि दोन दुपारांत पानांची टोकं करपून कुरकुरीत झाली. तेव्हापासून कुंडी लोकमान्य नगरच्या आमच्या घरी पूर्वेच्या व्हरांड्यात आहे. नऊपर्यंतचं कोवळं ऊन, पुढे हिरवी जाळी. दुसऱ्या उन्हाळ्यात पानं करपली, पण थोडी.

पाण्याबद्दल पत्रकात एक ओळ नाही. आपलं नर्मदेचं पाणी जड, कुंडीच्या काठावर पांढरा थर बसतो आणि पानांच्या कडा तपकिरी होतात. मेपलला किंचित आम्लधर्मी माती लागते. मी पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून पुरवून पुरवून वापरते. आर.ओ.चं वाया जाणारं पाणी चुकूनही घालू नका, त्यात क्षार जास्तच. अंगणातली काळी माती तर नकोच, पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. माझ्या कुंडीत कोकोपीट, पर्लाइट, जाडी वाळू आणि कुजलेला पाला आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुलैत बुडातून एक फूट आली, सरळ, जोमदार, हिरव्यागार पानांची. आम्ही सगळे खूष! महिन्याभरात ती वरच्या लाल फांद्यांच्या वर गेली आणि लाल वाढ थांबली. खाली वाकून बघितलं तेव्हा कळलं. जमिनीपासून चार बोटांवर कलमाचा तिरका सांधा दिसतो, खरचटलेला गुडघा भरून आल्यासारखा, आणि फूट त्याच्याखालून निघालेली. ती खुंटाची फूट, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधलेलं असतं त्याची. खुंट साध्या हिरव्या मेपलचा असतो, तो सगळं अन्न ओढतो. मुळाशी कापून टाकली. कापताना जीव थोडा थोडा झाला, पण पंधरा दिवसांत वर लाल डोळे हलले. हे सांगणारी एक चिठ्ठी नर्सरीने घातली असती तर माझा महिना वाचला असता.

रंगाचं म्हणाल तर कडक उन्हाळ्यात लाल पानं तपकिरी-हिरवट होतात, घाबरू नका. गेल्या डिसेंबरात गार रात्री लागल्यावर जेमतेम दहा दिवस झाड किरमिजी झालं. सासूबाईंनी शेजारच्या काकूंना मुद्दाम चहाला बोलावलं.

कलमाला पाचपैकी चार, माहितीपत्रकाला एक. येत्या जानेवारीत याच नर्सरीकडून दुसरं मागवणार आहे, पण आधी सांध्याचा फोटो मागून घेईन.