आईचा गुडघा, चिपळूणचं ऑपरेशन आणि घरी येणारी फिजिओ

गुहागरकडे कुणाच्या घरी गुडघा बदलायचं ठरत असेल तर हे पूर्ण वाचा. आम्ही दोन महिने चौकशी केली ती सगळी डॉक्टर कोण, इम्प्लांट (आत बसवायचा कृत्रिम सांधा) कुठलं, पॅकेज केवढ्याचं याचीच, ऑपरेशन करून आई घरी आली की तिचा गुडघा वाकवून कोण घेणार हे कुणी विचारलंच नाही, मी पण नाही. म्हणून हा रिव्ह्यू मुख्य म्हणजे आमच्याकडे सहा आठवडे घरी येणाऱ्या फिजिओचा आहे, हॉस्पिटलबद्दल मधे येईल तेवढं लिहिते. नावं कुणाचीच टाकत नाही, ती मुलगी एकटी स्कूटीवरून पाच सहा गावं करते.

आई ६७ वर्षांची. चाळीस वर्षं लावणी, चूल, विळीवर बसून नारळ खवणं, आणि घर पाखाडीच्या वर, रस्त्यापासून जांभ्याच्या ३८ पायऱ्या, एक उंच एक बुटकी. डावा गुडघा सहा वर्षं दुखत होता, उजवा त्याच्या मागोमाग. निरगुडीच्या पाल्याचा शेक झाला, तेलं झाली, "वंगण संपलंय" म्हणून वंगणाची इंजेक्शनं पण झाली, चार महिने बरं वाटलं की परत पहिल्यासारखं. मग भाऊ मुंबईला घेऊन गेला तर तिथल्या एका सेंटरमधे सांगितलं की दुर्बिणीतून गुडघा आतून साफ करून देतो, तारीखसुद्धा दिली, डिपॉझिट भरायचं बाकी होतं. त्या रात्री मी वाचत बसले होते आणि २००२ चा अमेरिकेतला, ह्यूस्टनचा अभ्यास सापडला, १८० पेशंट, काहींचा गुडघा दुर्बिणीतून खरंच साफ केला, आणि काहींना भूल देऊन नुसते कातडीवर छेद घेऊन टाके घातले, आत काही केलंच नाही, आणि दोन वर्षं बघितलं तरी दुखण्यात फरक नाही. हे झिजलेल्या गुडघ्याबद्दल आहे हां, खेळताना गुडघ्यातली कूर्चेची गादी फाटून गुडघा अडकतो ती गोष्ट वेगळी. पण ६७ वर्षांच्या झिजलेल्या गुडघ्याला हे सुचवणं मला अजूनही पटत नाही, आम्ही तारीख रद्द केली.

चिपळूणच्या डॉक्टरांनी उभं राहून एक्सरे काढायला लावला (झोपून काढलेल्यात हाडांमधली फट खरी कळत नाही, मुंबईला झोपूनच काढला होता). डावा चौथ्या ग्रेडचा निघाला, शून्य ते चार असं ते मोजतात, चार म्हणजे हाडाला हाड लागलेलं. तरी त्यांनी लगेच तारीख दिली नाही. आधी तीन महिने मांडीचे व्यायाम आणि वजन कमी करा म्हणाले, आई ७८ किलो होती. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो हे त्यांनी सांगितलं तेव्हा आईला ते सगळ्यात जास्त पटलं, भाताचा दुसरा वाढा तिने स्वतःच बंद केलान. डेन्मार्कचा एक अभ्यासही त्यांनी सांगितला, २०१५ चा, १०० पेशंट, सगळ्यांना व्यायाम आणि वजनाचा कार्यक्रम, त्यातल्या अर्ध्यांचं ऑपरेशन पण. ऑपरेशनवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं हे खरं, पण नुसत्या व्यायामवाल्यांपैकी वर्षभरात साधारण चौथ्या हिश्श्याच्याच लोकांना ऑपरेशन करावं लागलं. आमच्याकडे पण तसंच झालं, पाच किलो उतरले आणि उजवा गुडघा बराच सुधारला, डावा काही ऐकेना, रात्री झोपेतून उठून बसायची. मग ठरवलं. साखर जास्त होती ती तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ८.६ वरून ७.४ वर आणली, किडलेली दाढ आधी काढायला लावली कारण कुठलंही इन्फेक्शन अंगात असलं तर ते नव्या सांध्यात जाऊन बसू शकतं.

पैशांचं सांगते. सगळं मिळून एक लाख नव्वद हजार. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. ऑगस्ट २०१७ मधे सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटला कमाल किंमत लावली, नेहमी वापरतात त्या कोबाल्ट क्रोमियमच्याला तेव्हा ५४,७२० अधिक जीएसटी, त्याआधी तेच दीड लाखाच्या घरात होतं. आणि किती टिकेल ही सगळ्यांची काळजी असते तर २०१९ मधे लॅन्सेटमधे आलेल्या अभ्यासात शंभरातले साधारण ८२ गुडघे २५ वर्षांनी पण टिकलेले होते. त्यामुळे महागाचं घेऊ का साधं घेऊ यावर आम्ही जेवढी डोकेफोड केली तेवढी गरज नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं, कमरेतून भूल, दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभी केली, नर्स सगळ्या "आजी आजी" करून बोलायच्या, वॉर्ड स्वच्छ. चौथ्या दिवशी डिस्चार्ज. पण डिस्चार्जला हातात काय दिलं तर इंग्रजीतला एक छापील कागद, त्यावर व्यायामांची चित्रं, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या कधीपर्यंत घ्यायच्या ते डॉक्टरी अक्षरात. आई सातवी शिकलेली. मी विचारलं तर "त्यात सगळं लिहिलंय". माझी तक्रार आहे ती हीच, आणि ती छोटी नाही, कारण पुढे जे झालं ते यामुळेच झालं.

घरी आल्यावर आईला गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटायचं, साहजिक आहे, ताण येत नाही. आम्ही पण प्रेमाने चांगली मोठी उशी देत होतो, दिवसभर, रात्री पण. सहाव्या दिवशी ही फिजिओ पहिल्यांदा आली (गावातल्या आशा सेविका ताईंनी नंबर दिला), पडवीत चप्पल काढलीन, आत आली आणि नमस्कार करायच्या आधी ती उशी ओढून बाजूला केलीन. म्हणाली, "काकी, ही उशी म्हणजे गुडघ्याची वैरीण. असाच वाकडा राहिला तर आयुष्यभर लंगडत चालाल." कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी लावून दाखवलं, पाय सरळ व्हायला १५ अंश कमी पडत होता आणि वाकत होता जेमतेम ५५. मला रडू आलं तेव्हा, खरंच सांगते, एवढे पैसे आणि एवढं दुखणं काढून आम्ही स्वतःच्या हाताने गुडघा वाकडा करत होतो.

मग रोजचं सुरू झालं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी आणि गुडघा मोकळा सोडून द्यायचा, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, टाच गादीवरून सरकवत आणायची, पावलं वरखाली करायची, व्यायाम झाला की बर्फाची पिशवी पंधरा मिनिटं. आई ओरडायची, "अगो बाय, हळू गो, मरतंय मी", ती थांबायची, पण सोडायची नाही, आईला दहापर्यंत मोजायला लावायची आणि स्वतः आठवरून परत पाचवर यायची. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायची हे पण तिनेच सांगितलं, आम्ही व्यायाम झाल्यावर देत होतो! दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ९० झाला, सहाव्या आठवड्यात ११५, आणि पाय पूर्ण सरळ.

एक दिवस पोटरी सुजलेली आणि दाबली की दुखत होती तर तिने त्या दिवशी हातच लावला नाही, आत्ताच्या आत्ता चिपळूणला न्या, रक्ताची गाठ नाही ना ते डॉप्लरमधे (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत) बघून या म्हणाली. गाठ नव्हती निघाली, पण असलीच तर ती फुप्फुसात जाऊ शकते हे आम्हाला तिने सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

पण तिची खरी करामत म्हणजे तिने गुडघ्याबरोबर आमचं घर पण तपासलंन. न्हाणीघरात धरायला दांडी, कमोडची खुर्ची, माजघराच्या उंबऱ्याला फळी लावून उतार, खाली अंथरलेली गोणपाटं उचलायला लावली. खवणी टेबलाला स्क्रूने बसवायची मिळते ती आणायला लावली, कारण विळीवर बसणं आता बंद. याचं आईला फार वाईट वाटलं, मांडी घालून देवासमोर बसता येणार नाही हे ऑपरेशनच्या आधी कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं ऑपरेशन होऊनही नाराज राहणारे जे पाचात एक असतात ना (परदेशी अभ्यासात तेवढे निघालेत) त्यातल्या बऱ्याच जणांचं असंच काहीतरी असणार, गुडघा ठीक असतो पण मनात धरलेलं वेगळंच असतं. चौथ्या आठवड्यात पाखाडी सुरू केली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पहिल्या दिवशी चार पायऱ्या, मग आठ, ती एक पायरी खाली उलटी उभी राहायची, तोंड आईकडे करून.

कमी काय वाटलं ते पण सांगते. वेळ नक्की नसते, सकाळी दहा सांगून साडेबारा पण झालेत, रविवारी येत नाही, आणि मधे घरच्या लग्नासाठी चार दिवस सुट्टी घेतलीन तेव्हा बदली माणूस नाही, त्या चार दिवसांत दहा अंश मागे गेलो. एका वेळचे ४०० घेते, पेट्रोल त्यातच. सहा आठवड्यांचे साडेबारा हजार झाले, आधी मला ते जास्त वाटले होते, भावाने तर मोबाईलवर व्हिडिओ बघून करूया म्हटलं होतं. व्हिडिओने ती उशी काढली नसती.

शिमग्याला पालखी घरी आली तेव्हा आईने दारात उभं राहून ओटी भरली आणि संध्याकाळी काठी घेऊन ३८ पायऱ्या उतरून सहाणेवर (पालखी बसते त्या जागी) गेली, दोन वर्षांनी. आता उजव्याचं बघायचंय, तीन महिने व्यायाम करून परत एक्सरे, लागलंच तर दिवाळीनंतर. डॉक्टरांकडे कधी जायचं ते आईने अजून विचारलेलं नाही, पण त्या मुलीला फोन करून दिवाळीनंतर मोकळी आहेस ना ते विचारून झालंय.