शब्दांची वही की बातमी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मराठी माध्यमाच्या दहावीच्या पोरांना मी इंग्रजी शिकवते. नवे शब्द शिकवायला वही आणि इंग्रजी बातमी, दोन्ही वाटा वापरून बघितल्या.

वहीत रोज दहा शब्द, समोर अर्थ. परीक्षेआधी उजळणी झटपट होते. पण 'एन्डेंजर्ड' आणि 'व्हल्नरेबल' या दोन्हींसमोर पोरं 'धोक्यात' एवढंच लिहितात, आणि फरक तिथंच हरवतो.

बातमीत तो दिसतो. आपल्या भीमगडच्या रानातला गवा 'व्हल्नरेबल', तिथलाच कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, 'एन्डेंजर्ड', आणि गवताळ माळावरचा माळढोक 'क्रिटिकली एन्डेंजर्ड'. नामशेष होण्याच्या धोक्याच्या चढत्या पायऱ्याच या. गवा तर काहींनी शेताच्या बांधावर पाहिलेला असतो, म्हणून शब्द चिकटतो. भीमगडच्याच बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांबद्दल वाचताना 'रूस्ट' आला, तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी पटकन म्हणाली, "बाई, म्हणजे त्यांची उलटं लटकून झोपायची जागा!"

बातमीची वाक्यं लांबलचक, एक परिच्छेद अर्धा तास खातो. हवामानबदलाच्या बातम्या आणखी जड. 'मिटिगेशन' म्हणजे हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन कमी करणं, 'ॲडॅप्टेशन' म्हणजे बदलत्या पावसाशी जुळवून घेणं, हे भाताच्या पेरणीचं उदाहरण दिल्यावरच उमगलं.

तरी माझा कौल बातमीलाच. वही हवी, पण ती पोरांनी बातमी वाचून स्वतःच्या हातानं भरावी.