गंज काढायचं रबर: चाकू, विळी आणि धारेचे दगड, बरेच महिने वापरून

गेल्या पावसाळ्यात मागवलं होतं, आता उन्हाळा संपत आलाय आणि वडी निम्म्यावर आलीय, त्यामुळं लिहायला हरकत नाही. आधीच सांगून टाकते, घेतलं होतं चाकूंसाठी पण पैसे वसूल झाले ते धारेच्या दगडांवर. चाकूला चांगलंय, पण त्याच्यावाचून काही अडलं नसतं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, शाळेतल्या खोडरबराचा थोरला भाऊ समजा, फक्त हाताला खरखरीत लागतं. रबरात सिलिकॉन कार्बाइड नाहीतर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात, हे दोन्ही स्टीलपेक्षा कितीतरी कडक, म्हणून गंज तर निघतोच पण खालचं स्टीलपण थोडं खरवडलं जातं, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. जपानी साबीतोरू नावानं मिळतं, बाकीच्यांचंपण असतंय. जाड, मध्यम, बारीक असे प्रकार येतात, माझ्याकडं मध्यम आणि नंतर घेतलेलं बारीक.

आता कुणी म्हणेल सोलापूरची हवा एवढी कोरडी, तिथं कुठला आलाय गंज. हवेचं खरंय, पण आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी काय रोज येत नाही, मग भांडी एकदमच घासायची म्हणून टबात भिजत पडतात आणि त्यातच तळाला सुरी, वर वापरायचं पाणी बोअरचं, क्षाराचं. असल्या पाण्यात लोखंड गंजणारच पण स्टेनलेससुद्धा सुटत नाही. त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा जो अगदी पातळ थर असतो तो मिठातल्या क्लोराइडनं जागोजाग फुटतो आणि टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके उठतात. ताट-वाट्यांना असं सहसा होत नाही कारण ते स्टील वेगळं, त्यात बहुतेक वेळा निकेलपण असतं, चाकूचं स्टील धार टिकावी म्हणून कडक केलेलं असतंय.

तर वापर. रबर थोडा वेळ पाण्यात बुडवायचं, चाकू पाटावर आडवा सपाट ठेवायचा आणि पाठीकडनं धारेकडं, म्हणजे धारेवरनं बाहेर जाईल असं घासायचं. उलट घासलं तर रबर कापलं जातं आणि त्याच्यामागं आपली बोटं असतात. गोल गोल घासू नका, एकाच दिशेनं घासा, नाहीतर पातं धुरकट दिसतं. आणि हे काम धार लावायच्या आधी, नंतर नाही, कारण धारेवरनं रबर फिरलं की थोडी धार मरतेच.

पण घासायच्या आधी डाग कसला ते बघा, निम्म्या डागांना रबराची गरजच नसते. पांढरे, खडूसारखे डाग दिसले तर ते बोअरच्या पाण्याचे क्षार, त्याला लिंबाची पिळलेली फोड नाहीतर व्हिनेगरचं फडकं दोन मिनिटं लावलं की विरघळतात, मग लगेच धुवा आणि पुसा. तांबडा-नारिंगी आणि बोटाला लागतो तो गंज, तो काढायचाच. आणि लोखंडी सुरीवर निळसर-काळपट छटा येते ती गंज नाही. आमच्याकडं लोहाराकडनं करून घेतलेली गाडीच्या पाट्याची सुरी आहे, लोणच्याच्या कैऱ्या चिरायला घेतली की आंबटानं बघता बघता काळी पडते, कांद्यानं पण पडते. सासूबाईंना ते बघवत नाही, त्या म्हणतात घास की जरा, किती मळकट दिसतंय. पण तो काळा थर बसलेला बरा असतो, त्यानं तांबडा गंज जरा उशिरा धरतो, रबरानं तो काढला की दुसऱ्या दिवशी कांदा चिरताना कांदाच काळा पडतोय आणि लोखंडाचा वास मारतोय. आता ती सुरी मी फक्त तांबडं दिसेल तेवढ्याच जागी घासते, सासूबाई नाराज आहेत, असू दे.

स्टेनलेसच्या ठिपक्यांवर रबर मस्त चालतं, चार-पाच हात मारले की साफ. फक्त ठिपका जुना असेल तर खाली बारीक खड्डा पडलेला असतो, वरचा गंज जातो, खड्डा राहतो, आणि त्यात पाणी साचून परत तिथंच येतो. आरशासारखं पॉलिश असलेल्या चाकूला हे लावूच नका, चकाकी गेली की गेली, पात्यावर छापलेलं नावपण पुसट होतं. त्याला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून मऊ फडक्यानं चोळलेलं चांगलं.

विळीबद्दल फार काही नाही. पात्याला ठीक, पण पातं जिथं पाटात बसतं त्या सांध्यात वडी शिरत नाही आणि गंज नेमका तिथंच. खोवणीच्या दातांवर तर घासूच नका, रबराचे तुकडे पडतात आणि ते पुढं खोबऱ्यात. जुना टूथब्रश आणि सोडा, बस.

आता दगड. माझ्याकडं किंग कंपनीचा १०००/६००० चा पाण्यावरचा दगड आहे, म्हणजे एक बाजू १००० ची, दुसरी ६००० ची, आकडा मोठा तेवढी बाजू बारीक. ६००० ची बाजू थोडी वापरली की स्टीलचा काळा थर बसून गुळगुळीत होते, चाकू नुसता घसरतो, काही कापल्यासारखं वाटतच नाही. आधी मी नुसती पाण्यानं धुवायची, काळं काही निघायचं नाही. ओल्या दगडावर बारीक रबर हलक्या हातानं फिरवलं की काळं पाणी सुटतं आणि खालचा मूळ रंग वर येतो, लगेच चाकू ठेवला की तो खर्रर्र आवाज आणि हाताला पकड लागते. हे एकदा बघितलं की रबराचे पैसे वसूल वाटतात. फक्त बारीक बाजूला जाड किंवा मध्यम रबर लावू नका, त्याचा एखादा कण दगडावर राहिला तर पॉलिश करताना पात्यावर लांब ओरखडा येतो. आणि कुठलंही लावलं तरी नंतर दगड वाहत्या पाण्याखाली धुवा.

विकणाऱ्यानं वर्णनात 'दगड सपाट करतो, धार पण लावतो' असं लिहिलेलं, दोन्ही खोटं. रबर मऊ आहे, दगडात मधे खोलगट झालेलं असेल तर रबर त्या खोलगटात पण तसंच बसतं, सपाट कसं करणार? त्यासाठी दगडावर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, ग्रॅनाइटच्या सपाट तुकड्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरायचा आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत दगड घासायचा. मधल्या रेघा शेवटपर्यंत राहतात, त्यावरनं कळतं किती खोल गेलाय. हार्डवेअरच्या दुकानात पेपर मिळतो, डायमंड प्लेटएवढा (दगड सपाट करायची हिऱ्याचे कण लावलेली पट्टी) खर्च नाही.

मामंजींचा जुना काळा दगड आहे, एका बाजूला जाड एका बाजूला बारीक, त्याच्यावर वर्षानुवर्षं करडईचं तेल टाकून धार लावलेली. करडई आपल्याकडची, घरात असायचीच, त्यामुळं तेच तेल. पण करडईचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, रंग-वार्निशात वापरतात ते त्यामुळंच, दगडावर त्याची चिकट पिवळी साय बसून दगड काचेसारखा झालेला. यावर रबर हरलं, नुसतं सरकतंय आणि स्वतःच चिकट होतंय. शेवटी रॉकेल आणि कडक ब्रशनं वरचं सोडवलं (बाहेर अंगणात, गॅसपासून लांब), मग भांड्याच्या साबणानं, मग मध्यम रबर, आणि तरी पूर्ण नाही झाला, पण निदान खुरपी आणि कोयत्याला चालतो.

याच कारणानं चाकूला पुसून ठेवताना करडई लावू नका, खोबरेलाचं बोट फिरवा, ते तसं सुकून चिकट होत नाही.

घ्यायचं तर मध्यम घ्या, फक्त बारीक दगड असेल तर सोबत बारीक. जाडाची घरी गरज पडत नाही, ते कोयत्या-खुरप्यांना. वापरून झाल्यावर सावलीत वाळवा, गच्चीवर टाकू नका, आपल्या मे महिन्याच्या उन्हात रबर कडक होऊन कडेनं भेगाळतं, माझ्या वडीचा एक कोपरा तसाच गेलाय. आणि सोलापुरात कुठल्या दुकानात बारीक मिळत असेल तर सांगा, नवी पेठेत दोन-तीन ठिकाणी विचारलं तर सगळ्यांनी पॉलिशपेपरच पुढं केला.