बांध सरकवताना: जुन्या लॅपटॉपवर जीपार्टेडचे नऊ महिने

आधी निकाल सांगतो, मग गाऱ्हाणं. जीपार्टेडनं (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडायचं आणि लहानमोठे करायचं हे सॉफ्टवेअर) नऊ महिन्यांत माझी एकही फाइल घालवली नाही. लॅपटॉप मात्र या काळात एकदा चांगलाच बंद पडला, आणि त्यात सगळी चूक माझी होती.

लॅपटॉप २०१२ सालचा. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, नंतर वाढवून आठ जीबी केलेली रॅम आणि मूळचीच ५०० जीबीची, आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क. बॅटरी दहा मिनिटं टिकते, तीही मूड असेल तर. कराडला आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. विंडोज ठेवायचं कारण एवढंच की पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका पेजमेकरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत पडून आहेत. ती फाइल दुसरीकडे उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कंस, टक्के आणि डॉलर उमटतात. बाकी बिलं, मेल, इंटरनेट यांसाठी गेल्या जूनमध्ये विंडोजच्या जोडीला लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते आणि ११ च्या अटींत हे मशीन बसत नव्हतं.

पहिली अडचण डिस्कच्या नकाशातच होती. डिस्कच्या भागांची नोंद ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य पार्टिशन चारच करता येतात, आणि ते चारही कंपनीनं आधीच वापरून टाकले होते: १०० एमबीचं सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि शेवटी १५ जीबीचं रिकव्हरी. रिकव्हरीत विंडोज ७ होतं, जे आता कुणालाच नको आहे. चौथ्याच्या पुढे पाचवं हवं असेल, तर चारांपैकी एक मोडून तिथे एक्स्टेंडेड पार्टिशन करायचं आणि त्याच्या पोटात हवी तेवढी लॉजिकल पार्टिशनं मांडायची. जागा रिकामी आहे म्हणून विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून पाचवं करायला जाल, तर ते डिस्क ‘डायनॅमिक’ करू का असं विचारतं. तिथे ‘नाही’ म्हणा. ‘हो’ म्हटलं की लिनक्सचं बिऱ्हाड त्या डिस्कवर थाटणं अवघड होऊन बसतं.

सी ड्राइव्हमध्ये ९० जीबी मोकळे दिसत असूनही विंडोज त्यातले जेमतेम सहा जीबी सोडायला तयार होतं. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल असल्या न हलणाऱ्या गोष्टी मधेच ठाण मांडून बसलेल्या असतात. जीपार्टेडच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे विंडोज न उघडता, लॅपटॉप सुरू केल्यावर मात्र तेच सी वीस मिनिटांत ४० जीबीनं आकसलं. त्याआधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं लागलं, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. मग जीपार्टेड त्या पार्टिशनपुढे पिवळा त्रिकोण दाखवतं, आणि मिंटमधून पाहिलं तर फाइल वाचता येतात, लिहिता येत नाहीत. आकसल्यावर विंडोज दोनदा सुरू करून चेक डिस्क पूर्ण होऊ द्या. तिसऱ्यांदा सगळं मुकाट सुरू होतं.

डीवरचा माल बाहेरच्या डिस्कवर नेला, तो तिथून उघडतोय हे पाहिलं, आणि मगच डी व रिकव्हरी उडवले. नवीन डाटा पार्टिशनला विंडोजनं ई अक्षर दिलं, तेव्हा पेजमेकरमधल्या सगळ्या गणपतींच्या चित्रांचे दुवे तुटले. अक्षर बदलून पुन्हा डी केलं आणि गणपती परत आले.

इथवर जीपार्टेडला मी दहापैकी नऊ देतो. त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट म्हणजे तुम्ही कितीही ओढाताण करा, खाली नुसती यादी जमत जाते. ‘अप्लाय’ दाबेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. मी यादी करून चहा पिऊन येतो आणि परत वाचतो. दोनदा तरी या चहानं मला वाचवलंय. एक गुण कापला तो उरलेल्या वेळेच्या आकड्यासाठी. ‘१२ मिनिटं’ म्हणतं आणि अर्ध्या तासानं ‘३५ मिनिटं’ म्हणतं.

आता माझी चूक. एक्स्टेंडेडच्या पोटात मी डावीकडून उजवीकडे अशी मांडणी केली: डाटा, चार जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा), ३० जीबीचं रूट (इथे मिंट स्वतः राहतं), मग होम (इथे माझ्या फाइली). रूटला ३० जीबी पुष्कळ झाले असं वाटलं. टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टिमच्या मागच्या स्थितीच्या प्रती), फ्लॅटपॅक पद्धतीनं टाकलेले दोन-तीन प्रोग्रॅम आणि जुने कर्नल (मिंटच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) यांनी ते पाच महिन्यांत गिळलं. तुळशीचं लग्न झालं की आमचा धंदा सुरू होतो, आणि नेमकं त्याच आठवड्यात पासवर्ड टाकला की पुन्हा पासवर्डचीच स्क्रीन यायला लागली. रूटमध्ये तसूभर जागा उरली नव्हती.

पार्टिशनची उजवी कड हलवणं स्वस्त असतं. डावी कड हलवली की पार्टिशनची सुरुवातच बदलते, म्हणून आतला सगळा माल उचलून नव्या जागी मांडावा लागतो. शेताचा बांध सरकवताना मधलं उभं पीक मुळासकट पलीकडे लावण्यातला प्रकार. माझं रूट वाढायचं तर उजवीकडे होम ठाण मांडून बसलेलं. म्हणून स्वॅप काढून टाकायचं, डाटाची उजवी कड २० जीबीनं आत घ्यायची आणि रूट डावीकडे २४ जीबीनं वाढवायचं असं ठरलं. ‘अप्लाय’ दाबताना जीपार्टेडनं स्पष्ट सांगितलं की पार्टिशन हलवल्यानं कदाचित सिस्टिम सुरू होणार नाही. मी ते वाचलं आणि ओके केलं. सूचना वाचणं आणि मनावर घेणं यांत फरक असतो.

हे काम मेव्हण्याच्या दुकानात केलं, कारण त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे. चाळीस मिनिटं झाली आणि लाईट गेली. पंखा एक गचका खाऊन पुन्हा फिरू लागला, स्क्रीनवरची हिरवी पट्टी होती तिथेच होती. मेव्हणा म्हणाला, “दाजी, बंद करू का? इन्व्हर्टर जुना आहे.” मी म्हटलं, “हात लावू नकोस बाबा, बाकी काहीही बंद कर.” त्यानं दुकानातल्या ट्यूबा घालवल्या आणि आम्ही दोघं अंधारात ती पट्टी बघत बसलो. सगळं मिळून सव्वा तास लागला.

घरी येऊन लॅपटॉप सुरू केला तर काळी स्क्रीन, ‘नो सच पार्टिशन’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’. ग्रब म्हणजे सुरुवातीला मिंट की विंडोज हे विचारणारा प्रोग्रॅम. ना मिंट, ना विंडोज. कारण समजायला रात्र गेली. लॉजिकल पार्टिशनांचे नंबर पाचपासून रांगेनं लागतात. मधलं सहा नंबरचं स्वॅप काढलं आणि सातचं रूट सहा झालं. ग्रब मात्र आपल्या फाइली सातवर शोधत राहिला. रुग्णालयात वॉर्ड बदलला आणि नातेवाईक जुन्याच खाटेपाशी डबा घेऊन उभे, तसं. चालू मिंटमधून हे केलं असतं तर जीपार्टेडनं आधीच अडवलं असतं, कारण मोठ्या नंबरची पार्टिशनं वापरात असताना ते मधलं काढू देत नाही. लाइव्हमध्ये काहीच वापरात नसतं, त्यामुळे ते गप्प राहिलं. ही माझी जीपार्टेडबद्दलची एकमेव खरी तक्रार.

इलाज छोटा निघाला. रेस्क्यूमध्ये ‘एलएस’ देऊन पार्टिशनांची यादी काढली, ग्रबचा पत्ता सातऐवजी सहा केला, ‘नॉर्मल’ मॉड्यूल चढवलं आणि मेनू आला. मिंटमध्ये शिरल्यावर ग्रब डिस्कवर पुन्हा बसवला, नाहीतर दर वेळी तोच मंत्र म्हणावा लागला असता. यानंतरही सुरू होताना दीड मिनिट नुसतं थांबायचं. ते काढून टाकलेल्या स्वॅपची वाट बघत होतं. एफएसटॅब या फाइलमधली (सुरू होताना काय काय जोडायचं त्याची यादी) स्वॅपची ओळ काढली, हायबरनेशनसाठी नोंदवलेला स्वॅपचा जुना आयडी पुसला आणि स्वॅप आता रूटमध्येच साधी फाइल म्हणून ठेवलंय. मिंटमध्ये हल्ली तशीच पद्धत आहे, मी उगाच जुन्या सवयीनं वेगळं पार्टिशन केलं होतं.

घड्याळाचं राहिलं. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की वेळ बरोबर साडेपाच तास मागे. विंडोज मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेचं समजतं, लिनक्स जागतिक वेळेचं. मिंटला स्थानिक वेळ धरायला सांगितलं आणि मिटलं. याचा पार्टिशनशी संबंध नाही, पण दोन सिस्टिम ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे भेटतंच.

नोव्हेंबरपासून काही हलवलेलं नाही. रूट ५४ जीबीचं आहे, त्यातले १९ मोकळे. टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट दोनच ठेवतो. गेल्या आठवड्यात डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) पाहिला तर ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे, आठ दिसले. त्यामुळे ४८० जीबीची एसएसडी मागवली आहे. नावात फरक थोडा वाटतो, पण ५०० ची डिस्क मोजणीत ४६५ भरते आणि ४८० ची ४४७. म्हणजे क्लोनझिलानं (अख्ख्या डिस्कची नक्कल करणारा प्रोग्रॅम) उचलण्याआधी होम आणि त्याच्याबरोबर एक्स्टेंडेड पंचवीसेक जीबीनं आत घ्यावं लागेल. उजवीच कड आहे, त्यामुळे जास्त वेळ नाही जायचा. तरी मेव्हण्याला सांगून ठेवलंय, रविवारी येतो, इन्व्हर्टरमध्ये पाणी भरून ठेव.